रॉड लेव्हर अरीना आणि मेलबर्न पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत आपल्याकडे थंडी पडलेली असते आणि सकाळी सहाच्या चहाबरोबर टीव्हीवर मेलबर्नचं निळं कोर्ट दिसायला लागतं. ऑस्ट्रेलियन ओपन न चुकता बघणाऱ्यांना रॉड लेव्हर अरीना हे नाव पाठ असतं. पण हे स्टेडियम कसं उभं राहिलं, त्याला छप्पर का घातलं, एकदा बांधलेलं असताना त्यावर पुन्हा एवढा खर्च का केला, असं कुणी विचारलं की उत्तरं तुकड्यातुकड्यांनीच मिळतात. टेनिसवर जीव असलेल्या मराठी वाचकांसाठी ती सगळी इथे एकत्र केली आहेत.

रॉड लेव्हर अरीना आणि मेलबर्न पार्क एकच का?

नाही. मेलबर्न पार्क हे संपूर्ण संकुलाचं नाव आहे आणि रॉड लेव्हर अरीना हे त्यातलं मुख्य स्टेडियम. टेनिससाठी तिथे जवळपास १५ हजार प्रेक्षक बसतात. त्याच आवारात जॉन केन अरीना, मार्गारेट कोर्ट अरीना आणि किआ अरीना ही आणखी तीन स्टेडियमं आहेत, शिवाय बाहेरची लहान कोर्टं आणि सरावाची कोर्टं वेगळी.

जागा अगदी मोक्याची आहे. एका बाजूला यारा नदी आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. रूळ ओलांडले की समोर मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे आपण ज्याला एमसीजी म्हणतो ते. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून नदीकाठाने चालत निघालं तर वीसेक मिनिटांत माणूस स्टेडियमच्या दारात पोचतो. शहराच्या मध्यभागी, पायी जाता येईल अशा अंतरावर असणं हेच या संकुलाचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, असं माझं मत आहे.

मेलबर्न पार्कच्या आधी ऑस्ट्रेलियन ओपन कुठे व्हायची?

सुरुवात १९०५ सालची, मेलबर्नमध्येच, सेंट किल्डा रोडजवळच्या एका क्रिकेट मैदानावर. त्यानंतर कित्येक दशकं ही स्पर्धा गावोगाव फिरत राहिली. सिडनी, ॲडलेड, ब्रिस्बेन, पर्थ झालंच, पण दोन वेळा ती समुद्रापलीकडे न्यूझीलंडमध्येही भरली. एकच शहर कायमचं ठरवायचं असं १९७२ मध्ये ठरलं आणि मेलबर्नच्या कूयाँग लॉन टेनिस क्लबला मान मिळाला.

कूयाँगचं स्टेडियम १९२७ मधलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, आत हिरवंगार गवत. देखणी वास्तू आहे आणि आजही उभी आहे.

मग कूयाँग सोडलं कशासाठी?

हे समजून घ्यायचं तर १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९८० च्या दशकाची सुरुवात डोळ्यांसमोर आणावी लागते. ऑस्ट्रेलियन ओपन नावाला ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक होती, पण मोठे खेळाडू तिकडे फिरकत नसत. ब्योन बोर्ग आख्ख्या कारकिर्दीत एकदाच तिथे खेळला, १९७४ साली. जिमी कॉनर्स दोनदा जाऊन आला आणि पुन्हा गेला नाही. प्रवास लांबचा, बक्षिसाची रक्कम इतर तीन स्पर्धांच्या मानाने कमी, आणि तारखा नाताळ आणि नववर्षाच्या आसपासच्या. घरच्यांना सोडून अर्ध्या जगाला वळसा घालून कोण जाणार?

संयोजकांनी आधी तारखा बदलल्या. स्पर्धा डिसेंबरमधून जानेवारीत नेली आणि त्या उलथापालथीत १९८६ साली स्पर्धाच झाली नाही. पण खरी अडचण जागेची होती. कूयाँग हा खासगी क्लब, आजूबाजूला घरांची वस्ती, वाढायला वाव नाही. त्यातून गवताचं कोर्ट म्हटलं की वर्षातले थोडेच दिवस खेळायचं आणि उरलेले दिवस त्याची निगा राखायची. जानेवारी १९८७ मध्ये स्टीफन एडबर्गने पॅट कॅशला पाच सेटमध्ये हरवलं आणि गवतावरचं ऑस्ट्रेलियन ओपन तिथेच संपलं.

नवीन स्टेडियम कुणी उभं केलं? विरोध झाला नाही का?

व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, जॉन केन (धाकटे) यांनी हा प्रकल्प अंगावर घेतला. स्पर्धा मेलबर्नमध्ये टिकवायची तर सरकारनेच स्टेडियम बांधून द्यायला हवं, ही त्यांची भूमिका. त्यासाठी १९८५ मध्ये कायदा झाला आणि शहरालगतच्या फ्लिंडर्स पार्कची जमीन निवडली गेली.

विरोध झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. ती सार्वजनिक मोकळी जमीन होती. मेलबर्नची माणसं आपल्या बागा आणि मैदानांबद्दल फार हळवी आहेत. हिरवळीवर काँक्रीट ओतायचं म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. सरकारने त्याला दिलेलं उत्तर आजही महत्त्वाचं वाटतं: ही वास्तू दोन आठवड्यांच्या टेनिससाठी नाही, ती वर्षभर शहराच्या उपयोगी पडेल. पुढच्या साडेतीन दशकांत हा शब्द पाळला गेला म्हणूनच हा विषय सविस्तर सांगावासा वाटतो.

जानेवारी १९८८ मध्ये ‘नॅशनल टेनिस सेंटर, फ्लिंडर्स पार्क’ या नावाने संकुल खुलं झालं. आदल्या वर्षी कूयाँगला साधारण १ लाख ४० हजार प्रेक्षक आले होते. फ्लिंडर्स पार्कला पहिल्याच वर्षी २ लाख ६६ हजारांवर आले.

संकुलाला मेलबर्न पार्क हे नाव १९९६ मध्ये मिळालं. जॉन केन यांचं निधन २०१९ च्या डिसेंबरमध्ये झालं आणि पुढच्या वर्षी तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं. त्याआधी ते स्टेडियम व्होडाफोन, हायसेन्स आणि मेलबर्न अरीना अशा नावांनी ओळखलं जात होतं. प्रायोजकांच्या पाट्या उतरून ज्याने हे सगळं सुरू केलं त्याचं नाव लागलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

सरकतं छप्पर पहिल्यापासून होतं का?

होय, आणि त्या काळात ही फार धाडसाची गोष्ट होती. ग्रँड स्लॅमच्या मुख्य कोर्टावर सरकतं छप्पर घालणारं हे पहिलं स्टेडियम. विम्बल्डनला सेंटर कोर्टवर छप्पर यायला २००९ उजाडलं, न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियमला २०१६ आणि पॅरिसला २०२०. म्हणजे मेलबर्न विम्बल्डनच्याही एकवीस वर्षं पुढे होतं.

छप्पराची परीक्षा पहिल्याच वर्षी झाली. १९८८ ची महिला एकेरीची अंतिम लढत, एका बाजूला १८ वर्षांची स्टेफी ग्राफ, दुसऱ्या बाजूला ३३ वर्षांची ख्रिस एव्हर्ट. सामना जेमतेम सुरू झाला आणि पाऊस आला. छप्पर बंद केलं, कोर्ट कोरडं केलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. ग्रँड स्लॅमची अंतिम लढत छताखाली खेळली जाण्याची ही पहिलीच वेळ. ग्राफ ६-१, ५-१ अशी पुढे होती. तिथून एव्हर्टने चिवटपणे डाव सावरला, दुसरा सेट टायब्रेकपर्यंत खेचला, पण अखेर ६-१, ७-६ असा ग्राफचाच विजय झाला. त्याच वर्षी ग्राफने चारही ग्रँड स्लॅम आणि सोल ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं. त्या अद्भुत वर्षाची सुरुवात या छप्पराखाली झाली.

आता छप्पराचा उपयोग पावसापेक्षा उन्हासाठी जास्त होतो की काय असं वाटतं. जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नचा पारा सलग चार दिवस ४१ अंशांच्या वर होता. ज्यांनी विदर्भातला मे महिना काढला आहे त्यांना हा आकडा नवा नाही, पण त्या उन्हात, तापलेल्या कोर्टावर चार तास धावायचं म्हणजे काय याची कल्पना करून पाहा. २०१९ पासून स्पर्धेत हवामानाची तीव्रता मोजणारी १ ते ५ अशी श्रेणी वापरतात. तापमानाबरोबर आर्द्रता, वारा आणि थेट ऊन हेही त्यात धरलं जातं. श्रेणी ५ वर गेली की बाहेरच्या कोर्टांवरचा खेळ थांबतो आणि छप्पर असलेल्या कोर्टांवर छप्पर लावून चालू राहतो. २०२० मध्ये वणव्यांचा धूर शहरावर आला तेव्हाही ही बंदिस्त कोर्टं हाताशी असल्याने संयोजकांना धीर होता.

कोर्ट आधी हिरवं होतं ना? निळं कधी झालं?

१९८८ ते २००७ रिबाउंड एस नावाचा हिरवा पृष्ठभाग होता. कडक उन्हात तो चिकट व्हायचा, बूट अडकायचा आणि घोटा मुरगळायचा, अशी खेळाडूंची कायम तक्रार असे. २००८ मध्ये निळं प्लेक्सिकुशन आलं आणि २०२० पासून ग्रीनसेट आहे. नावात ग्रीन असलं तरी रंग निळाच ठेवला आहे. पिवळा चेंडू निळ्यावर उठून दिसतो, मैदानातही आणि पडद्यावरही.

पण रंगापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. गवत सोडून हार्ड कोर्ट स्वीकारलं तिथेच या वास्तूचं नशीब पालटलं. गवताला ऊन लागतं, पाणी लागतं, विश्रांती लागते. गवतावर रंगमंच उभारता येत नाही. हार्ड कोर्टावर फळ्या अंथरल्या की दुसऱ्या दिवशी तिथे बास्केटबॉल, तिसऱ्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम. बहुउद्देशीय हा शब्द कागदावर लिहिणं सोपं, तो प्रत्यक्षात उतरला तो या एका निर्णयामुळे.

टेनिस संपल्यावर वर्षभर तिथे काय चालतं?

संगीताचे कार्यक्रम सगळ्यात जास्त. अमेरिकन गायिका पिंक हिने २०१३ च्या एकाच दौऱ्यात इथे १८ कार्यक्रम केले, आणि तेही एवढ्या मोठ्या सभागृहात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉल लीगचे सामने इथे रंगायचे. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं जिम्नॅस्टिक्स याच स्टेडियममध्ये झालं.

शेजारचं जॉन केन अरीना तर सुरुवातीपासून बहुउद्देशीय म्हणूनच बांधलं. २००० साली ते खुलं झालं तेव्हा तिथे टेनिसबरोबर सायकल शर्यतीचाही विचार केला होता. २००६ च्या राष्ट्रकुलमधल्या ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती तिथेच झाल्या, २०१२ ची जागतिक स्पर्धाही. आज ते बास्केटबॉल आणि नेटबॉलचं हक्काचं ठिकाण आहे.

टेनिस कोर्टावर जलतरण तलाव बांधला होता हे खरं आहे का?

शंभर टक्के खरं. २००७ ची जागतिक जलतरण स्पर्धा मेलबर्नला होती. जानेवारीच्या अखेरीस रॉजर फेडररने फर्नांडो गोन्झालेझला हरवून करंडक उचलला, आणि मार्चमध्ये त्याच जागी ५० मीटर लांबीचा तात्पुरता तलाव पाण्याने भरलेला होता. आठ आठवड्यांत टेनिसचं मैदान जाऊन जागतिक दर्जाचा तलाव उभा राहिला, भोवतीच्या खुर्च्यांवर हजारो प्रेक्षक.

त्या पाण्यात मायकेल फेल्प्सने सात सुवर्णपदकं जिंकली आणि पाच विश्वविक्रमांत वाटा उचलला. बीजिंग ऑलिंपिकला त्याने आठ सुवर्णपदकं घेतली ती पुढच्याच वर्षी, आणि त्याची चाहूल मेलबर्नच्या या टेनिस स्टेडियममध्ये लागली होती. स्पर्धा संपल्यावर तलाव उचलला आणि पुढच्या जानेवारीत तिथे नवं निळं कोर्ट. हे दोन फोटो शेजारी ठेवून बघा, एकच जागा आहे यावर विश्वास बसत नाही.

चांगलं चाललं होतं तर पुनर्विकासाची गरज काय पडली?

दोन कारणं. एक, इमारत जुनी होत होती. १९८८ मध्ये अडीच लाख माणसांसाठी आखलेल्या वाटा, दारं, स्वच्छतागृहं आणि खाण्याची ठिकाणं दुपटीहून जास्त गर्दी पेलत होती. खेळाडूंच्या खोल्या अपुऱ्या, पत्रकारांची जागा अपुरी. गाण्याच्या कार्यक्रमांचं सामान भल्यामोठ्या ट्रकमधून येतं, ते उतरवायला धड जागा नाही.

दुसरं कारण स्पर्धा हातची जाण्याची भीती. मेलबर्नचा करार २०१६ पर्यंतच होता. २००८ च्या सुमारास न्यू साउथ वेल्सने ही स्पर्धा सिडनीला नेण्याचा विचार उघडपणे मांडला. सिडनी आणि मेलबर्नचं सख्य कसं आहे हे ऑस्ट्रेलियात राहिलेल्या कुणालाही विचारा. परदेशातल्या शहरांचीही नावं चर्चेत होती. व्हिक्टोरिया सरकारने मग वेळ न दवडता जानेवारी २०१० मध्ये पुनर्विकासाची घोषणा केली आणि त्याच्या बदल्यात स्पर्धा २०३६ पर्यंत मेलबर्न पार्कलाच राहील असं पक्कं केलं.

नेमकं काय काय बांधलं?

तीन टप्प्यांत काम झालं आणि एकूण खर्च सुमारे ९७ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर इतका झाला.

पहिल्या टप्प्यात मार्गारेट कोर्ट अरीनाचं रूपच पालटलं. तिथे आधी उघडं कोर्ट होतं, सहा हजार प्रेक्षकांचं. आसनं साडेसात हजारांवर नेली आणि वर पाच मिनिटांत मिटणारं छप्पर घातलं. २०१५ च्या स्पर्धेत ते छप्पर वापरात आलं आणि तीन सरकती छप्परं असलेली मेलबर्न ही पहिलीच ग्रँड स्लॅम ठरली. याच टप्प्यात सरावासाठी आठ बंदिस्त कोर्टं आणि आठ मातीची कोर्टं झाली. मातीची कोर्टं बघायला प्रेक्षक येत नाहीत, टीव्हीवर ती दिसत नाहीत. पण ऑस्ट्रेलियाची मुलं लाल मातीवर कच्ची राहतात हे ओळखून त्यावर खर्च केला, याला मी दूरदृष्टी म्हणेन.

दुसऱ्या टप्प्यात रॉड लेव्हर अरीनाला हात घातला. पूर्वी इमारतीला जणू पाठच होती. आता शहराच्या बाजूने प्रशस्त दर्शनी भाग आला, आतल्या वाटा रुंद झाल्या, सामान उतरवण्याची सोय सुधारली, आणि प्रशासन व माध्यमांसाठी वेगळी इमारत उभी राहिली. तंडेरम नावाचा पादचारी पूलही याच टप्प्यातला. २०१७ पासून नदीकाठच्या बिरारुंग मार बागेतून थेट संकुलात चालत जाता येतं. पुलाचं नाव तिथल्या मूळनिवासी कुलिन लोकांच्या स्वागत सोहळ्यावरून ठेवलं आहे.

तिसऱ्या टप्प्यात पाच हजार आसनांचं किआ अरीना आलं. ते जमिनीत खाली उतरवलेलं असल्याने आत शिरलं की आपण एकदम कोर्टाच्या अंगावर आल्यासारखं वाटतं. वर सावलीसाठी आच्छादन आहे, पण सरकतं छप्पर नाही. २०२२ च्या स्पर्धेपासून ते वापरात आहे. शेजारी समारंभांसाठी सेंटरपीस ही इमारत झाली.

एवढं काम चालू असताना स्पर्धा दुसरीकडे हलवली होती का?

एकदाही नाही. या प्रकल्पातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट हीच. दर वर्षी फेब्रुवारीत काम सुरू करायचं आणि पुढच्या जानेवारीच्या आत त्या वर्षाचा तुकडा वापरण्याजोगा करायचा, अशी आखणी होती. त्यातही गाण्याचे कार्यक्रम सांभाळायचे. २०१४ च्या स्पर्धेत मार्गारेट कोर्ट अरीनाची वाढीव आसनं तयार होती पण छप्पर व्हायचं होतं, तर तसंच खेळवलं. घरात माणसं राहत असताना एकेक खोली करत घर दुरुस्त करण्यासारखं हे काम. वेळ जास्त लागतो, खर्चही वाढतो, पण चूल एक दिवसही बंद पडत नाही.

रॉड लेव्हर हे नाव कधी दिलं?

जानेवारी २००० मध्ये. तोवर ते नुसतं सेंटर कोर्ट होतं. क्वीन्सलँडमधल्या रॉकहॅम्प्टनचा हा डावखुरा खेळाडू. एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं त्याने दोनदा जिंकली, १९६२ आणि १९६९ मध्ये. पुरुष एकेरीत दोनदा हे करणारा दुसरा कुणी नाही. मधली काही वर्षं व्यावसायिक झाल्यामुळे त्याला या स्पर्धा खेळताच आल्या नाहीत, हे लक्षात घेतलं की त्या दोन आकड्यांचं वजन आणखी वाढतं. २०१७ मध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसवला.

मार्गारेट कोर्टच्या नावावरून वाद का होतो?

मार्गारेट कोर्टची २४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं आहेत, त्यातली ११ ऑस्ट्रेलियातली. १९७० मध्ये तिनेही वर्षात चारही जिंकली. खेळाडू म्हणून तिच्या मानाबद्दल दुमत असायचं कारण नाही. निवृत्तीनंतर ती पर्थमध्ये धर्मोपदेशक झाली आणि समलिंगी विवाहाविरुद्ध तिने जाहीर, तिखट विधानं केली. त्यामुळे नाव बदला ही मागणी अनेक वर्षं होत आहे. २०२० मध्ये मार्टिना नवरातिलोव्हा आणि जॉन मॅकेन्रो यांनी संकुलातच ‘इव्हॉन गुलागाँग अरीना’ असा, ऑस्ट्रेलियाच्याच मूळनिवासी टेनिसपटूच्या नावाचा, फलक झळकावला. नाव अजून तेच आहे. मला नवरातिलोव्हाची बाजू पटते. सार्वजनिक पैशाच्या वास्तूत पाऊल टाकताना कुणालाही आपण नको आहोत असं वाटता कामा नये.

इथले कोणते सामने जरूर बघावेत?

यादी लांब आहे, तीन सांगतो. २०१२ ची जोकोविच-नदाल अंतिम लढत ५ तास ५३ मिनिटं चालली. मध्यरात्र उलटून दीड वाजून गेला होता, आणि बक्षीस समारंभात दोघांनाही उभं राहवेना म्हणून खुर्च्या आणून दिल्या. २०१७ चा फेडरर-नदाल सामना, पाचव्या सेटमध्ये १-३ अशा पिछाडीवरून फेडररने सलग पाच गेम घेतले. आणि २०२२ मध्ये नदालने दोन सेट गमावून मेदवेदेवला हरवलं तो.

मार्गारेट कोर्ट अरीनातला एकही सांगितलाच पाहिजे. २०२३ मध्ये अँडी मरे आणि थानासी कोकिनाकिस यांचा सामना पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी संपला. दोन सेट मागे पडलेला, खुब्यात धातूचा सांधा बसवलेला मरे जिंकला.

आपल्या खेळाडूंच्या काय आठवणी आहेत?

पुष्कळ. फ्लिंडर्स पार्क सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, रमेश कृष्णनने गतविजेत्या आणि तेव्हा जगात अव्वल असलेल्या मॅट्स विलँडरला दुसऱ्या फेरीत तीन सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. २००९ मध्ये महेश भूपती आणि सानिया मिर्झाने मिश्र दुहेरी जिंकली. २०१२ मध्ये लिएंडर पेस आणि राडेक स्टेपानेक यांनी ब्रायन बंधूंना हरवून पुरुष दुहेरीचा करंडक घेतला.

जानेवारी २०२३ मध्ये सानियाने ग्रँड स्लॅमचा निरोप घेतला तोही रॉड लेव्हर अरीनावर. रोहन बोपण्णाबरोबर ती मिश्र दुहेरीची अंतिम लढत हरली आणि बोलताना तिला रडू आवरेना. प्रेक्षकांत तिचा लहान मुलगा होता. बरोबर एका वर्षाने त्याच कोर्टावर, वयाच्या ४३ व्या वर्षी, बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर पुरुष दुहेरी जिंकली.

तिथे कबड्डीही झाली म्हणतात?

झाली! २८ डिसेंबर २०२४ रोजी जॉन केन अरीनामध्ये प्रो कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले. अनुप कुमार, अजय ठाकूर यांच्यासारखे मोहरे मॅटवर उतरले. त्याच दिवशी रुळांपलीकडे एमसीजीवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू होती आणि नितीशकुमार रेड्डी शतक ठोकत होता. दिवसा कसोटी, नंतर कबड्डी, आणि पंधरवड्याने त्याच जागी टेनिस. मातीतला आपला खेळ टेनिसच्या या घरात शिरला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोविडच्या काळात काय झालं होतं?

२०२१ ची स्पर्धा फेब्रुवारीत ढकलली आणि प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली. पहिल्या आठवड्यात अचानक पाच दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, मध्यरात्रीपासून लागू. त्या रात्री जोकोविच आणि टेलर फ्रिट्झचा सामना ऐन रंगात होता. साडेअकराच्या सुमारास खेळ थांबवला आणि प्रेक्षकांना घरी जायला सांगितलं. लोक नाराजीने ओरडत बाहेर पडले. त्यानंतर रिकाम्या खुर्च्यांसमोर, पोटाचा स्नायू दुखावलेल्या जोकोविचने पाचवा सेट जिंकला. अखेर स्पर्धाही त्याचीच झाली.

स्टेडियम कुणाच्या मालकीचं आहे?

राज्याचं. मेलबर्न अँड ऑलिंपिक पार्क्स ट्रस्ट ही सरकारी संस्था ते चालवते, आणि ऑस्ट्रेलियन ओपन भरवते टेनिस ऑस्ट्रेलिया. जमीन आणि इमारत जनतेची, स्पर्धा खेळाच्या संघटनेची.

आपल्याकडे बालेवाडीत असं का होऊ शकलं नाही?

हा प्रश्न मला पुणेकर हमखास विचारतात. १९९७ पासून चेन्नईत होणारी, पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यातली एटीपी २५० स्पर्धा २०१८ मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आली. २०२१ चा अपवाद सोडला तर २०२३ पर्यंत ती तिथे झाली. केविन अँडरसनसारखा खेळाडू तिथे जिंकला. बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर दुहेरीचं विजेतेपद पुण्याच्याच प्रेक्षकांसमोर घेतलं. नंतर ती स्पर्धा पुण्यात राहिली नाही.

बालेवाडीची मेलबर्नशी थेट तुलना अन्यायाची होईल. एक ग्रँड स्लॅम, दुसरी एटीपीच्या मुख्य दौऱ्यातली सर्वांत खालच्या श्रेणीची स्पर्धा, पैशाची गणितं वेगळी. पण एक धडा उचलता येतो. मेलबर्नने टेनिस कोर्टाला गाणं, बास्केटबॉल, नेटबॉल, पोहणं यांची जोड दिली आणि त्या उत्पन्नावर, त्या वर्दळीवर वास्तू जिवंत ठेवली. स्पर्धा वर्षातून एकदा येते. स्टेडियमला मात्र वर्षभर माणसं लागतात. बालेवाडीच्या टेनिस स्टेडियमला छप्पर, शहरातून येणारी सोयीची सार्वजनिक वाहतूक आणि वर्षभराचा कार्यक्रम मिळावा, अशी मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे नेटाने करायला हवी.

प्रत्यक्ष बघायला जायचं तर काय लक्षात ठेवावं?

रॉड लेव्हर अरीनाचं दिवसाचं आणि रात्रीचं तिकीट वेगळं असतं. खिशाला परवडणारा पर्याय म्हणजे ग्राउंड पास. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर नावाजलेले खेळाडू हाकेच्या अंतरावर खेळताना दिसतात, आणि दुहेरीतले भारतीय तर बहुधा तिथेच सापडतात. गर्दीची तयारी ठेवा, २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी मुख्य स्पर्धेला १० लाखांहून जास्त लोक आले.

शहरातून ७० क्रमांकाची ट्राम स्टेडियमपाशी सोडते, पण पहिल्यांदा जात असाल तर फेडरेशन स्क्वेअरहून बागेतून तंडेरम पुलावरून चालत जा. टोपी, पाण्याची बाटली आणि सनस्क्रीन विसरू नका. तिथलं ऊन चटका लावणारं आहे. शिवाय पिशवीत एक स्वेटर टाका, कारण दुपारी ४० अंश असलेलं मेलबर्न वारा फिरला की तासाभरात वीसवर येतं.